उत्तरेश्वरच्या जिपड्याचा भाव

धारूरच्या घाटाखालच्या त्या वाडीत उत्तरेश्वरची जीप सपाट जागी उभी असलेली कुणी पाहिली नव्हती. ती कायम उताराला असायची, पुढच्या चाकाखाली धोंडा लावून. स्टार्टर गाडी घेतली तेव्हापासूनच आजारी होता आणि तो दुरुस्त करायचं उत्तरेश्वरच्या मनात गेली तीस वर्षं होतं. तोवर एक रीत पडून गेली. उत्तरेश्वरनं ऐटीत स्टेअरिंगवर बसायचं, बायको भिवराबाईनं पदर खोचून धोंडा काढायचा आणि मागून ढकलायचं. गाडी सुरू झाली की पळत जाऊन तिनं मागं चढायचं. उतरत्या गाडीत चढण्यात ती इतकी तरबेज झाली होती की नव्या सुना बघत राहायच्या.

जीप चौऱ्याऐंशी सालची. सरकारी लिलावात उत्तरेश्वरनं ती अठरा हजारांना घेतली, तेव्हा तो तिशीला आला होता, पण अक्कल मिसरूड न फुटलेल्या पोराची, असं भिवराबाईचं म्हणणं. तिनं जिपेला कधी जीप म्हटलं नाही. ‘तुमचं जिपडं’ म्हणायची, किंवा राग आला की सरळ ‘माझी सवत’. “भंगारात घाला अन् त्या पैशात मला पिठाची गिरणी आणा,” हे वाक्य त्या घरात चहाइतकं नेमानं व्हायचं. वाडीत गिरणी नव्हती. दळण डोक्यावर घेऊन बाया दोन कोस जायच्या, त्यामुळं तिचं म्हणणं चुकीचं होतं असं उत्तरेश्वरलाही म्हणता येत नसे. तो नुसता “बघू” म्हणायचा. भंगारवाला सात-आठ हजारांच्या वर जात नव्हता, म्हणून त्याचं ‘बघू’ चालून जात होतं.

आणि एके दिवशी बबनराव आला. हा पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. बैल कमी झाले तसा तो जुन्या ट्रॅक्टरवर आला, आणि आता मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो टाकायचा. ओसरीवर बसता बसताच तो म्हणाला, “उत्तरेश्वर, कावून गप बसलास बे? तुझ्या जिपड्याचा फोटो टाकला मी. पुण्याचा एक मानूस साडेचार लाख म्हनतोय!”

उत्तरेश्वरला वाटलं, बबनराव सकाळीच घेऊन आला.

“नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिचा भाव उतरतो,” बबनराव सांगू लागला. “हिचा चढतोय. असली जीप आता निघत न्हाई. पुढचीबी चाकं ओढतेत, डोंगर चढती, अन् लई जुनी. त्याला आता क्लासिक म्हनतेत.”

आतून भिवराबाईचा आवाज आला. “म्हंजी म्हातारी झाली म्हनून भाव आला व्हय? मग माझा किती म्हनतेत ते बी इचारा की, भाऊजी.”

बबनराव पोट धरून हसला. उत्तरेश्वर हसला नाही. इतकी वर्षं भाव नव्हता म्हणून जीप राहिली होती. आता भाव आला, म्हणजे जीप चालली. कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? साडेचार लाखांत गिरणी येत होती, गिरणीला पत्र्याची खोली येत होती, वर पैसे उरत होते. आणि म्हणायचं तरी काय, की माझा जीव त्या पत्र्यात अडकलाय? तेही साठीला टेकल्यावर?

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाचा, अमरसिंहांचा, फोन आला. माणूस गोड बोलत होता. “काका, एकच विनंती. गाडीला हात लावू नका. रंग, गंज, फाटलेलं सीट, वरची ताडपत्री, सगळं आहे तसंच राहू द्या. मला तीच हवी आहे. जुन्यालाच तर किंमत आहे.”

“बरं बरं,” उत्तरेश्वर म्हणाला, आणि फोन ठेवला. आणि त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात एक लबाडी पूर्ण शिजून आली.

तो फोनचं कुणाशी काही बोलला नाही. संध्याकाळी बबनराव आला तेव्हा त्यानं साळसूदपणे विचारलं, “मग गाडी अशीच दाखवायची म्हनतोस?”

“येडा का खुळा तू?” बबनराव उसळलाच. “बैल कधी असा नेलाय का बाजाराला? घासायचं, शिंगं साळायची, हिंगूळ लावायचा, झूल घालायची. गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं बे!”

झालं. उत्तरेश्वरला हेच हवं होतं. जिथं माणसं विकायच्या बैलाच्या खुरालासुद्धा तेल चोपडतात, तिथं त्याला दोष कोण देणार? त्यानं तीन डबे लाल ऑइलपेंट आणला आणि जिपेच्या जुन्या हिरव्या रंगावर फासला. चाकांना चंदेरी रंग दिला. मागचं फाटकं लांब सीट आणि ताडपत्री काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवली, आणि त्या जागी निळ्या फुलांचं चकचकीत सीट बसवलं. बोनेटला बैलाचे गोंडे बांधले. आरशाला घुंगरू तर बबनरावानं स्वतःच्या खर्चानं लावलं. भिवराबाई दारात उभी राहून बघत होती. एवढी पाठ वाकवून नवरा घरातलं कुठलं काम करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी अमरसिंह आले. गाडीतून उतरले आणि जिपेसमोर उभे राहिले, ते बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “काका, मी म्हणालो होतो ना...”

“घासून-पुसून ठेवली साहेब,” उत्तरेश्वर निरागसपणे म्हणाला. “पाव्हना येनार म्हनल्यावर!”

बबनरावाला वाटलं, गिऱ्हाईक पार भारावून गेलं. त्यानं लगेच खांद्यावरचा रुमाल काढला, अमरसिंहांचा हात त्याखाली ओढला आणि बैलबाजाराच्या रिवाजानं त्यांची बोटं दाबायला लागला. किती बोटं म्हणजे किती, हे त्या बिचाऱ्यांना काय कळणार! त्यांनी घाबरून हात सोडवून घेतला आणि सरळ तोंडानं म्हणाले, “रंग खरवडून काढता येईल. माझा कारागीर आहे. खर्च वजा करून साडेतीन देतो. जुनं सीट आणि ताडपत्री आहे ना?”

उत्तरेश्वरचं तोंड उतरलं. रंग खरवडता येतो, हे त्याच्या लबाडीत बसलंच नव्हतं. सीट गोठ्यातच होतं. आता तोंड उघडलं की जीप गेली.

“ते सीट व्हय?” भिवराबाई चहा घेऊन बाहेर आली होती. “लई घान झालतं. बंबात घातलं मी. पानी मस्त तापलं. ताडपत्री उंदरांनी खाल्ली, तीबी जाळली.”

“आणि सीटची लोखंडी फ्रेम?”

“भंगारात दिली. पाव किलो लसूण आला.”

अमरसिंहांनी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली. जुन्या सीटशिवाय त्यांना गाडीत राम वाटेना. जाताना त्यांनी जिपेच्या बोनेटवर हात फिरवला, हाताला लाल रंग लागला, तो रुमालानं पुसत ते निघून गेले. बबनराव त्यांच्या मागं वाडीच्या वेशीपर्यंत बोटं दाखवत पळाला.

जीप वाचली होती. उत्तरेश्वरनं खरं तर मनातल्या मनात नाचायला हवं होतं. पण तो ओसरीवर बसून राहिला. ते सीट. मुलगी राजनंदिनी त्याच सीटवर जन्मली होती. धारूरच्या दवाखान्यात निघालेले, पण पोरीलाच घाई, घाटाच्या तिसऱ्या वळणावर भिवराबाईच्या सासूच्या हातात आली. लग्नानंतर भिवराबाई न ढकलता जिपेत बसली, ती त्या एका दिवशी. आज तीच राजनंदिनी बीडच्या कोर्टात टायपिस्ट होती. आणि हिनं ते सीट बंबात घातलं, वर लसूण घेतला! उत्तरेश्वरला रडू येत होतं आणि रागही येत होता. पण रागवायचं कशावर? त्यानंच तर ते काढून भिंतीला टेकवलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आधी गाईला कडबा टाकायला तो गोठ्यामागं गेला. पेंढ्या ओढल्या तर आत गोधडी लागली. गोधडीच्या आत ते सीट होतं, पुसून ठेवलेलं. त्यावर ताडपत्रीची व्यवस्थित घडी. तो तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं सीटवर हात ठेवला.

“गाय वाट बघतीय,” मागून भिवराबाई म्हणाली.

“खोटं कावून बोललीस?”

“तुमी रंग कावून फासला? फोन आला तवा मी चुलीपाशीच होते. तुमचा फोन गावाला ऐकू जातो.”

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. “अन् गिरणी?”

“ती घेऊ हळूहळू. आपल्या पोरीनं बी थोडे साठवलेत.” ती त्याच्या शेजारी बसली. “लई दिस सवत सवत म्हनले. पन माझी लेक ज्या गाडीत झाली, ती दुसऱ्याच्या दारात बघवंल का मला?”

त्याचे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून त्यानं सीट उचललं. दोघांनी मिळून निळ्या फुलांचं काढलं आणि जुनं जागेवर बसवलं. राजनंदिनीची यष्टी धारूरला यायची वेळ झाली होती, तिला आणायला निघायचं होतं. उत्तरेश्वर सवयीनं स्टेअरिंगकडं वळला, तर तिथं भिवराबाई पदर खोचून बसली होती.

“उतर, येडे. तुला काय येतंय?”

“आज तुमी ढकला.”

त्यानं धोंडा काढला आणि ढकललं. साठीचा माणूस, जीप काही हलकी नव्हती, पहिल्याच दहा पावलांत त्याला धाप लागली. उतार वाढला, एक झटका बसला, धूर निघाला आणि इंजिन लागलं. जीप लाल अंगानं घुंगरू वाजवत चालली आणि उत्तरेश्वर मागून “ब्रेक! ब्रेक!” ओरडत धावत सुटला. पाराजवळ तिनं गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून. तो धडपडत येऊन पोहोचला.

“कुठं शिकलीस गं?”

“तीस वर्षं मागून ढकलतीय,” भिवराबाई म्हणाली. “तुमी आत काय करता ते दिसत न्हवतं व्हय?”

उत्तरेश्वर मागं जाऊन त्या फाटक्या सीटवर बसला.