थोरल्याचं कडवं

हे मी आजवर कुणापुढंही बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, पाळकसाहेबांपुढं नाही. प्रार्थनेत डोळे मिटले तरी, खरं सांगतो, तिथूनही वळसा घालूनच जायचो. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. पण आधी गाण्याचं सांगू द्या — ते सांगताना अजून अंगावर काटा येतो हो!

ऐंशीच्या दशकातलं बोईसर. मी कारखान्यात फिटर, भाड्याच्या दोन खोल्या, आणि नगरकडून आणलेले माझे म्हातारे बाबा. बाबा ख्रिस्ती कीर्तनकार. बायबलातल्या शुभवर्तमानातली गोष्ट घ्यायची, ओवीत बांधायची, पेटी-टाळावर उभी करायची, जन्मभर हेच केलं त्यांनी. नियम एकच: शास्त्रात पदरचं घालायचं नाही, शास्त्रातलं गाळायचं नाही. आम्ही दोघे भाऊ त्यांच्या मागं टाळ धरायचो. शब्द मी जुळवायचो. आणि धाकटा शांतवन, आमचा शांतू — काय गळा होता त्याचा! तो गायला लागला की माझ्या शब्दांकडं कोण बघतंय? बाबा तर नाहीच. मग एकदा तो बाबांशी कडाक्याचं भांडला आणि घर सोडून गेला. पाच वर्षं पत्ता नाही. बाबा झुरत होते, आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटत होतं.

तर बाबा म्हणाले, हंगामाच्या सणाला, म्हणजे चर्चमध्ये पहिलं पीक वाहतात त्या दिवसासाठी, उधळ्या पुत्राचा दाखला बांध. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. धाकटा मुलगा घर सोडतो, दैना होते, परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी करतो. थोरला शेतातून येतो, गाणं-बजावणं ऐकतो आणि रुसून दाराबाहेरच उभा राहतो. मग बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो.

चार दिवसांत झालं! मशीनच्या घरघरीत ओव्या सुचत होत्या. शिफ्टच्या बसमध्ये मी मोठ्यानं म्हणायचो, हिंदीवाले मित्र हसायचे, म्हणायचे, पगला गया है! खरंच वेड लागलं होतं. आयुष्यात तसं कधी लिहून झालं नाही, पुढंही नाही.

*दोन पुत्र होते एका घरी। धाकटा निघाला देशांतरी।*
*बाप उभा राहे दारी। वाट पाहे॥*

आणि ही ओवी तर —

*पायी भेगा, वस्त्र मळले। दुरून बापाने ओळखिले।*
*म्हातारे पाय धावले। उन्हातून॥*

सणाला म्हटली तेव्हा बाया पदर डोळ्यांना लावून रडल्या. बाबांनी भर मंडळीत माझा हात धरून वर केला. माझा! पालघर, सफाळे, जिथं म्हणून आपली मंडळी जमायची तिथं ते गाणं गेलं.

ढोलकीला आमच्या शेजारचा हरी असायचा. दातिवऱ्याचा कोळी, कारखान्यात माझ्याच खात्यात. गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "दादा, दोन पोरं होती ना? मंग दुसरा कुटं गेला? तो तर आलाच नाय!"

मेजवानीवरच संपवलं होतं मी. थोरल्याचं कडवं लिहिलंच नव्हतं. बाबांना कळलं नसेल? जन्मभर ज्यानं शास्त्रातली मात्रा सोडली नाही, त्याला? पण ते हसून म्हणाले, "अरे हरी, तो अजून शेतातून यायचाय." सगळे हसले. मीही हसलो.

का नव्हतं लिहिलं? प्रयत्न केला. वही पुढ्यात घेतली की हात चालेना. कारण त्या सणाच्या आधी पंधरा दिवस शांतू आला होता.

हो. आला होता. पहिली पाळी संपवून मी चाळीत शिरत होतो, रणरणतं ऊन, आणि तो फाटकाशी उभा. मळका सदरा, अनवाणी, टाचांना या एवढ्या भेगा. पाहिलंत? माझी ती लाडकी ओवी, जिच्यावर बाया रडल्या, ती मी त्याच्या पायांकडं बघून उचलली. शास्त्रात भेगा कुठं आहेत? बाबा आत झोपले होते. दहा पावलांवर. शांतू म्हणाला, "दादा, बाबांना भेटायचंय."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बाबांनी सांगितलंय, त्याचं तोंड बघायचं नाही." एका दमात म्हटलं, अडखळलोसुद्धा नाही. पाणी विचारलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. आणि मी आत येऊन जेवलो.

दोन वर्षांनी बाबा गेले. कुणाकडून तरी कळून शांतू मातीला आला. मंडळींनी माझंच गाणं धरलं. शांतूला ते नवीनच होतं, पण दुसऱ्या ओवीपासून त्यानं सूर लावला, आणि बाकीचे म्हणायचं थांबवून ऐकू लागले. तोच गळा! त्याही क्षणी मला हेवा वाटला, बाबांची माती ओली असताना.

नंतर त्यानं माझे दोन्ही हात धरले. "काय लिहिलंयस रे दादा," म्हणाला. मग हळूच विचारलं, "शेवटी शेवटी तरी बाबा माझं नाव घेत होते का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

तो हल्ली माकुणसारला असतो. अजून ते गाणं म्हणतो, आणि अजून समजतो की बाबांनीच त्याला दारातून घालवलं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

बाबा रोज त्याचं नाव घेत होते. जेवताना, प्रार्थनेत, गाडीची शिट्टी ऐकली की. शेवटच्या दुपारी त्यांना दिसेनासं झालं होतं. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी माझा हात चाचपला, "शांतू, आलास?" म्हणाले, आणि मी "हो" म्हटलं.