अंगणात उकिडवे बसलेले सर

आमच्या रेणूच्या शाळेतल्या खेळाच्या सरांएवढा येडा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा न्हाय, आन ह्ये म्या एकटीच म्हणत न्हाय, त्येंची बायको भर गल्लीत म्हणती. रेणू माझी थोरली, नववीला हाय. शाळा सरकारी, धाराशिवच्या कडंला, बेंबळीच्या रस्त्याला घरं संपत्यात तिथं. त्या शाळंत गणिताला सर न्हाईत, इंग्रजीच्या बाई हायत पण त्येंचा अर्धा दिवस हापिसच्या कागदात जातोय, आन खेळाचे सर मातर एवढे हायत की शाळंला पुरून रस्त्यावर सांडत्यात. उंच, वाळलेले, गुडघ्यापस्तोर पांढरे. पांढरे म्हंजी फक्कीनं. मैदानावर खो-खोच्या रेघा मारायची ती पांढरी फक्की त्येंच्या पिशवीत कायम असतीय, आन पिशवीला कायम भोक असतंय, म्हणून सर कुठून कुठं गेले ते दुसऱ्या दिवशी बी रस्त्यावर वाचता येतंय. त्येंची बायको म्हणती, "दळणाचा डबा आन फक्कीचा डबा म्या दोन टोकाला ठिवलेत, न्हायतर एक दिवस भाकरी फक्कीच्या व्हायच्या." गळ्यात शिट्टी. ती शिट्टी आंघोळीला बी निघत न्हाय म्हणत्यात. सोताच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टका संपायच्या आधीच लोकांनी अक्षता टाकल्या, तर ह्येंनी मांडवात उभं ऱ्हाऊन शिट्टी वाजवली आन "फाऊल!" म्हणून वरडले. भटजी गपकन थांबले. नवरदेव बी एक पाऊल मागं सरला.

खो-खोत एक नियम हाय. एकदा पळायची दिशा धरली की खांब गाठल्याबिगर मागं फिरायचं न्हाय. ह्यो नियम आपल्यासारखी माणसं मैदानावर पाळत्यात, सरांनी त्यो जल्माला बांधलाय. बोलत बोलत घर मागं ऱ्हायलं तर सर तिथून माघारी वळत न्हाईत, कोपऱ्यावरच्या लाईटीच्या खांबापस्तोर जात्यात, खांबाला हात लावत्यात आन मंग घराकडं येत्यात. भाजी बाजारात मेथीवाली मागं ऱ्हायली की सर पार टोकाच्या खांबाला जाऊन येत्यात, तवर मेथी संपलेली. एकदा साहेब शाळा तपासायला आलते, हेडबाईंनी सरांना व्हरांड्यात हाक मारली तर सर "आलो" म्हणून उलट्या दिशेनं ग्येटाबाहेर गेले. साहेब बघतच बसले. खांब शिवून सर परत आले आन साहेबाला म्हणले, "घाई असती तर म्या हापिसापुढनं जायच्या आधीच हाक मारायची."

गणिताला माणूस न्हाय म्हणून गणित बी सरच घेत्यात, आन त्येंना बसून गणित येत न्हाय. पाढे लिंबाच्या झाडाभवती पळत म्हणायचे. पायथागोरस शिकवायचा तर दोन पोरी मैदानाच्या कडंकडंनं पळवायच्या आन एक मधून तिरकी, आन मंग इचारायचं, "कोण आधी पोचलं? किती पावलानं? मांडा." आमची रेणू तिरकी पळणारी. घरी गणित अडलं की ती उठून वट्ट्यावर दोन चकरा मारती आन उत्तर घेऊन आत येती. परीक्षेत बसल्याजागी बाकाखाली तिचे पाय हालत ऱ्हायले, तर दुसऱ्या शाळंची बाई पहाऱ्याला आलती, तिला वाटलं पायात चिठ्ठी हाय. चपला काढून बघितल्या. चिठ्ठी कुठली, सतराचा पाढा चालू होता. म्या नववीतनंच शाळा सोडल्याली बाई, मला त्यातलं काय कळत न्हाय, पण पोरीच्या वहीवर लाल बरोबरच्या खुणा बघितल्या की मला घाबरल्यावाणी व्हायचं. एवढं चांगलं आपल्याकडं टिकत न्हाय, असं वाटायचं.

सरांचा खरा येडेपणा तर म्या अजून सांगितलाच न्हाय. खो-खोत आठजणी वळीनं उकिडव्या बसत्यात. पाठीवर हात मारून "खो" म्हणल्याबिगर बसलेलीनं उठायचं नसतंय. तर एखादी पोरगी चार दिवस शाळंत आली न्हाय, की सर तिच्या घरी जात्यात. आत जात न्हाईत, भांडत न्हाईत, उपदेश न्हाय. अंगणात मधोमध, घराकडं पाठ आन रस्त्याकडं त्वांड करून, उकिडवे बसत्यात. पोरीनं घरातनं यायचं, त्येंच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणायचं आन सरळ शाळंकडं पळत सुटायचं. तवर सर उठत न्हाईत. गल्लीला फुकटचा तमाशा. एका गवळ्याची पोरगी घरी बसवली होती, तिथं सर गोठ्याशेजारी बसले, तर म्हशीनं मिठाची चव लागल्यावाणी त्येंचं टक्कल चाटून चाटून लखलखीत केलं. सर हालले न्हाईत. गवळ्यालाच म्हशीची लाज वाटली आन त्येनं पोरगी सोडली.

माझ्या अंगणात बी सर बसलते. म्हंजी माझ्या बापाच्या, बेंबळीला. तवा सर तिथल्या शाळंत होते, डोक्याला केस होते, आन म्या त्येंच्या वळीत तिसऱ्या चौकोनात बसायची. नववीत माझं ठरलं. सुपारी फुटली आन माझी शाळा बंद झाली, तर पाचव्या दिवशी सर अंगणात. म्या दाराच्या फटीतनं त्येंची पाठ बघत होते. दारापासून त्येंच्या पाठीपस्तोर दहा पावलं बी नसतील. सगळं मैदान पळून दमायची न्हाय ती म्या, ती दहा पावलं मला झाली न्हाईत. आई म्हणली, "जाशील तर बापाचं त्वांड बघ आधी." म्या बापाच्या तोंडाकडं बघितलं आन बसले. दिवेलागणीला सर आपले आपण उठले. खो मिळाल्याबिगर ते उठल्याले म्या त्येच्या आधी न्हाय आन नंतर बी कधी ऐकलं न्हाय. पिशवी झटकली आन गेले. अंगणात दोन पांढरी पावलं ऱ्हायली, ती आईनं सकाळच्या सड्यात पुसली.

आन ह्या दिवाळीनंतर रेणूचं तसंच सुरू झालं. आमच्या मालकांची मावशी तामलवाडीहून स्थळ घेऊन आली. म्हणली, पोराचा ट्रॅक्टर हाय, पोरगं चांगलं हाय, नुसतं बघून जाऊ द्या, लग्नाचं पुढं बघू. आत्या म्हंजी माझी सासू, त्या म्हणल्या, "उन्हात पळून पोरगी काळी पडायली, पाव्हणे येऊन जाईस्तोवर घरीच बसू दे." विभागाच्या खेळाला रेणूची निवड झालती, त्येचा कागद दप्तरात तसाच. रेणू माझ्याकडं बघायली आन म्या चुलीकडं बघायले. मला म्हणायचं होतं की पोरगी अजून लहान हाय, तिचं वय भरलं न्हाय, पण माझं बी कुठं भरलं होतं? म्या चुलीत लाकूड सारलं. मालक वाईट न्हाईत. रिक्षा चालवत्यात, हात उगारत न्हाईत. पण आईपुढं ते बी बोलत न्हाईत आन मला तर घरातल्या भांड्याचं बी भ्याव वाटतंय, मोठ्यानं पडलं की.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात फक्कीची रेघ दिसली. सर बसलते. केस सगळे गेलेत, गुडघे सुजल्याले, रिटायरला चार महिने ऱ्हायलेत, आन माणूस उकिडवा. आत्या दारातच जवारी निवडत बसल्या, म्हंजी रेणूला भाईर यायची वाट बंद. शेजारीण भिताडावरनं म्हणली, "का हो सर, बसायला पाट देऊ का?"

"चौकोनात पाट चालत न्हाय ताई."

"पाय दुखत्याल की."

"ते पायाला सांगू नका, त्येला अजून कळलं न्हाय."

म्या च्या नेऊन दिला. सर माझ्याकडं न बघता म्हणले, "तिसरा चौकोन?" एवढ्या वर्षानं. म्या म्हणलं, "व्हय सर." ते म्हणले, "च्यात साखर लई झाली," आन पिले.

दुपारी मालक जेवायला आले, त्येंनी रिक्षा लावली आन हात जोडले. "सर, तुमचा मान हाय, पण ही आमच्या घरातली गोष्ट हाय."

"बरोबर हाय. म्हणून तर घराकडं पाठ केलीय. मला काय बी दिसंना."

"लोकं हसायलेत सर."

"हसू द्या. त्येंच्याकडं त्वांड माझं हाय, तुमचं न्हाय."

मालक हसले की काय असं मला वाटलं, पण आत्यांनी सूप आपटलं आन ते आत गेले. उन्हं कलली. तीनच्या सुमाराला सरांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायला बघितला, आन मंग म्या बघतच ऱ्हायले, ते हळू, पोतं कलंडावं तसे एका अंगावर कलंडले. गल्लीतली माणसं धावली. गुडघा सरळ व्हईना. मालकांनीच त्येंना उचलून रिक्षात घातलं आन घरी सोडलं. रिक्षातनं सरांनी एकदाच माघारी बघितलं, आन म्हणले, "म्या उठलो न्हाय बरं का. मला उचललं."

त्या दिवशी म्या भाकऱ्या करपवल्या. रेणू रडली न्हाय, त्येचंच मला जास्ती भ्याव वाटलं. मला वाटलं, संपलं. आता कोण बसणार हाय? शाळंत दुसरं कोण असं येडं न्हाय. सकाळी सडा टाकायला गेले तर अंगणात ती दोन पांढरी पावलं. म्या भवतीनं सडा टाकला, पावलावर टाकला न्हाय. मंग शाळंची घंटा झाली, आमच्या घरापस्तोर ऐकू येती ती. आन मला अजून कळत न्हाय म्या ते कसं केलं, हातातली बादली खाली ठिवली, पदर खोचला आन त्या पावलावर पाय ठिवून, घराकडं पाठ करून उकिडवी बसले.

आत्या म्हणल्या, "काय गं, चक्कर आली का?"

"न्हाय आत्या."

"मंग ऊठ की, लोकं बघायलेत."

"सर आजारी हायत," म्या म्हणलं. एवढंच. आत्या दारातनंच काय काय बोलल्या, माझं माहेर काढलं, बाप काढला. मालक दारात येऊन उभे ऱ्हायल्याले कळलं, त्येंच्या चपलंचा आवाज मला कळतोय. म्या नुसती रस्त्याकडं बघायले. मागं काय चाललंय ते दिसत नसलं की भ्याव दुप्पट व्हतंय, आन बसल्याजागी पळून जाता बी येत न्हाय. सर एवढी वर्षं ह्ये कसं करत आले असतील, ते मला तवा कळलं. ते बी भेत असतील. मंग मालकांचा आवाज आला, लई हळू, "आई, वाईच सरक." आन बांगड्या वाजल्या, आन माझ्या पाठीवर असा दणका बसला की म्या पुढं हातावर पडले. "खो!" रेणू माझ्या शेजारनं गेली, दप्तर एका खांद्यावर, येणी सुटल्याली, आन रस्त्याला लागली ती लागलीच.

म्या उठले. खो मिळाला होता, उठावंच लागतंय. पायाला मुंग्या आलत्या, पळता आलं न्हाय, पण घराकडं बी वळता आलं न्हाय, म्हणून तशीच बिनचपलंची तिच्या मागनं चालत शाळंच्या ग्येटापस्तोर गेले.

त्येला आज सहा दिवस झाले. आत्या माझ्याशी बोलत न्हाईत, माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. मालक जेवत्यात पण वर बघत न्हाईत. रेणू शाळंत जायलीय. पाव्हणे येत्या रविवारी येणारच हायत, त्यो निरोप कुणी मोडला न्हाय आन मोडायला म्या कोण. काल सरांना बघायला गेलते. बाजंवर पडलेत, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. म्या सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आन इचारलं, "निघताना कोणता पाय पुढं टाकला तिनं? डावा का उजवा?" म्या म्हणलं, "सर, माझी पाठ होती." सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. त्येंच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला आन म्हणली, "ह्येंच्या नादी लागून तू बी येडी झालीस बाई."

झाले असंन. आता दिशा तर धरलीय, माघारी फिरता येत न्हाय. पण सर, खांब कुठं हाय, त्यो मला अजून दिसंना.