डावऱ्या हाताची शाल

रेखाताईंचा फोटो उलटा आला होता. निदान तेव्हा मला तसं वाटलं. शालीवरची पानं उजवीकडे झुकायला हवी होती, ती डावीकडे झुकली होती. टाके मात्र नीट होते. मी मेसेज केला, "ताई, सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढलात का? उलटा आलाय."

उत्तर आलं, "नाही मॅडम. मी डावरी आहे."

मी कपाळाला हात लावला. ऑनलाइन क्लासला डावरं माणूस आलं की डिझायनरचं काम दुप्पट होतं. क्रोशाची सुई डाव्या हातात धरली की ओळ उलट्या दिशेने चालते. साधा रुमाल असेल तर काही बिघडत नाही. पण नक्षी एका बाजूला झुकणारी असेल तर सगळंच आरशात पाहिल्यासारखं होतं, आणि मी काढलेला चार्ट त्या माणसाच्या काही कामाचा राहत नाही.

मी फ्रीलान्स क्रोशे डिझायनर आहे. लग्नकार्यात हे सांगितलं की बायका विचारतात, "म्हणजे स्वेटर विणता?" तसं नाही. वस्तू करून विकणं हा माझा धंदा नाही, ती कशी करायची हे लिहून देणं हा आहे. स्वयंपाकाच्या कृतीसारखंच. साखळ्या किती, खांब कुठे, मुका खांब कुठे, हे सगळं टाक्यागणिक लिहायचं. त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. पुण्याची एक लोकर कंपनी माझे पॅटर्न घेते. त्यांनीच गेल्या हिवाळ्यात माझा हा क्लास लावला होता. त्यांची लोकर घेणाऱ्यांना मी आठवड्यातून दोन संध्याकाळी शाल शिकवायची. मेसेजसाठी कंपनीने वेगळा फोन दिला होता. त्यात माझ्या ओळखीचा एकही नंबर नव्हता. लोकांनी जे नाव टाकलं असेल तेवढंच दिसायचं.

आम्ही श्रीरामपूरला राहतो. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत आहे, तो शनिवारी येतो. बाकी आठवडाभर घरात मी आणि आमची रूथ. ती नववीत आहे. माझं ऑफिस म्हणजे पुढची खोली. दिवसभर घरातच असते म्हणून लोकांना वाटतं की ही बाई रिकामी आहे. आणि दिवसभर घरातच असते म्हणून मला वाटायचं की मी घराला वेळ देते. दोघांचाही अंदाज चुकलेला होता.

रूथसुद्धा डावरी आहे. हे मी आत्ता सांगतेय, पण रेखाताईंचा मेसेज आला तेव्हाही मला आधी तेच आठवलं होतं. लहान असताना ती दिवाणावर माझ्या शेजारी येऊन बसायची, डाव्या हातात सुई धरायची आणि माझं पाहून करायला जायची. सगळा गुंता व्हायचा. एकदा मी शिकवायला बसलेही. पण तिच्या हाताची दिशा काही माझ्या डोक्यात शिरेना. त्यात क्लायंटचा फोन आला. मी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हटलं, "नंतर. तू डावरी आहेस, तुला वेळ लागेल. सुट्टीत निवांत बसू."

सुट्टी आली तेव्हा नाताळच्या पॅटर्नच्या ऑर्डरी आल्या. पुढच्या सुट्टीत लहान बाळांच्या टोप्यांचं काम आलं. मग तिने विचारणं बंद केलं. तिचा नाद सुटला, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

रेखाताईंच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटले. कंपनीच्या मेघनाने, म्हणजे क्लास सांभाळणाऱ्या मुलीने, फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅम, एकटीसाठी एवढं कशाला? त्यांना सोप्पा मफलर द्या."

"का? पैसे देऊन लोकर घेतलीय ना त्यांनी?"

"हो, पण शेड्यूल बघा ना."

"शेड्यूल माझं मी बघते. माझ्या क्लासमधलं कुणी अर्ध्यात सोडणार नाही."

आणि मी बघितलंही. सगळा चार्ट उलटा करून पुन्हा काढला. प्रत्येक व्हिडिओ ॲपवर टाकून आरशासारखा उलटा केला, म्हणजे माझा उजवा हात डावा दिसेल. रेखाताई कॅमेरा लावत नसत. नेट स्लो आहे म्हणायच्या. बोलायच्याही नाहीत, चॅटमध्ये लिहायच्या. त्यांच्या शंका मात्र नेमक्या असायच्या. दर क्लासनंतर फोटो यायचा. मी मोठा करून पाहायची आणि सविस्तर लिहायची. "घाई करू नका. उसवावं लागलं तरी वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हात छान आहे." रूथ तेव्हा अभ्यासाला सानिकाकडे गेलेली असायची. सानिका तिची वर्गमैत्रीण, पलीकडच्या गल्लीत राहते. रूथ घरी आली की मी म्हणायची, "जेवून घे गं, कुकर झालाय, मला दोन मेसेज करायचेत."

एकदा मी रेखाताईंना एक साधी युक्ती सांगितली. "घरात क्रोशे येणारं कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसू नका, समोर बसा. उजव्या माणसाच्या समोर डावरं माणूस बसलं की दोघांचे हात एकाच बाजूला चालतात. नुसतं बघून जमतं."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "एक जण आहेत. पण त्यांना वेळ नसतो."

मी लिहिलं, "असं असतं खरं. असू दे, मी आहे ना." आणि वर एक फूल टाकलं.

क्लासमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, घर आणि काम कसं बॅलन्स करता?" माझं उत्तर तयार असतं. सकाळी स्वयंपाक, मग डिझाइन, संध्याकाळ घरच्यांसाठी. माझा क्लास संध्याकाळीच चालू आहे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. एका क्लासलाही मी ते म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मेघनाही मीटिंगमध्ये होती, तिने अंगठा दाखवला. तेवढ्यात रेखाताईंचा मेसेज दिसला.

"तुमच्या मुलीला येतं का क्रोशे?"

सगळे वाचत होते. क्रोशेच्या मॅडम, आणि घरच्या पोरीला येत नाही, असं कसं सांगणार? मी हसून म्हटलं, "येतं ना! मीच शिकवलंय. आता माझ्यापेक्षा बरं करते."

रेखाताईंनी लिहिलं, "छान."

बाकी काही नाही. त्या दिवशी त्यांचा फोटो आला नाही. तब्येत बरी नसेल असं मला वाटलं.

शेवटच्या क्लासला शालीची किनार शिकवायची होती. कंपनीचे वरचे लोकही बघणार होते. मी रिंग लाइट लावला, ट्रायपॉड लावला, केसही नीट केले, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरने कधीच मान टाकलेली. मोबाईलचं नेट रांगायला लागलं. मला सानिकाचं घर आठवलं. त्यांची लाइन दुसऱ्या डीपीवर आहे, आमच्याकडे अंधार असला तरी त्यांच्याकडे टीव्ही चालू असतो. शिवाय रूथही तिथेच होती. मी शाल, सुया, ट्रायपॉड पिशवीत कोंबलं आणि जवळजवळ पळतच गेले.

सानिकाची आई ओट्यावर मटार सोलत बसली होती. मला पाहून म्हणाली, "या या, रूथची आई. मी म्हनलंच, मॅडम आज अजून कशा आल्या न्हाईत फोनवर. पोरगी मघापासनं सुई धरून बसली हाय."

"कोण पोरगी?"

"रूथ की! तुमचा क्लास म्हनून हौसेनं नाव घातलं मी, लोकर घेतली. पन मला कुठलं जमतंय? दोन दिसांत सोडलं. मग तीच बसाया लागली माझ्या नावावर. लई गोड हात हाय तिचा. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मुली पहिलीत होत्या तेव्हापासून मी या बाईला ओळखते. शाळेच्या गेटवर, भाजीबाजारात, दर वेळी बोलतो. ती मला रूथची आई म्हणते, मी तिला सानिकाची आई. तिचं नाव रेखा आहे हे मला त्या ओट्यावर उभं राहून कळलं.

आत सानिका गणितं करत होती. रूथ भिंतीला टेकून बसली होती. फोन डिक्शनरीला टेकवलेला. स्क्रीनवर अक्षरं होती की होस्टने अजून मीटिंग सुरू केलेली नाही. मांडीवर मोरपंखी शाल, पानं डावीकडे झुकलेली. त्यातलं प्रत्येक पान मी फोटोत मोठं करून पाहिलं होतं.

तिने वर पाहिलं. "लाइट गेली का?"

मी मान हलवली. तेवढ्यात मेघनाचा फोन आला. "मॅम, सर जॉइन व्हायला बसलेत, सगळे वाट बघतायत." तिच्याशी बोलताना मी नेहमीच्या आवाजात "सॉरी, दोन मिनिटं" म्हटलं, याची मला अजून लाज वाटते. मी समोरच्या भिंतीशी बसले, ट्रायपॉड लावला, मीटिंग उघडली. आत यायची परवानगी मागणाऱ्यांच्या यादीत एक नाव होतं रेखा. मी ते दाबून आत घेतलं. ती माझ्यासमोर चार हातांवर बसली होती.

मी किनार शिकवली. काय बोलले ते आठवत नाही. मेघना नंतर म्हणाली की क्लास मस्त झाला. रूथ फोनकडे बघतच नव्हती. समोरून माझे हात बघत होती आणि विणत होती. मी टाका घेतला की तीही घेत होती. माझ्या उजव्यासमोर तिचा डावा, एकाच बाजूला चाललेले. मला ओरडून क्लास बंद करावासा वाटत होता. मी केला नाही. सर बघत होते.

घरी येताना गल्लीत अंधार होता. मी तिची पिशवी धरायला गेले, तिने दिली नाही.

"मला विचारायचं होतंस ना, बाळा."

"विचारलं होतं."

"मग पुन्हा विचारायचं. मी शिकवलं असतं."

"शिकवलंसच की." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "क्लासमध्ये तू चिडत नाहीस. उसवलं तरी चालेल म्हणतेस. मला आवडायचं ते."

मी तिच्या मागे चालत राहिले.

मग तीच म्हणाली, "मी मधे सोडणार होते. पण तू सगळ्यांना सांगितलंस ना, मुलीला येतं म्हणून. मग म्हटलं, पूर्ण करू. नाहीतर ते खोटं झालं असतं."

घराच्या पायरीशी मी बसून रडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ. मग कुलूप काढून आत गेली आणि मेणबत्ती लावली.

त्या रविवारी चर्चमधून आल्यावर मी दोन्ही फोन कपाटात ठेवले आणि दिवाणासमोर खुर्ची मांडली. म्हटलं, ये, समोर बस, आज जाळीची नक्षी शिकवते. ती आली, बसली. शहाण्या पाहुण्यासारखी. मी पहिली ओळ दाखवली. तिने केली. दुसरी दाखवायच्या आधीच तिने केली, तिसरीही. मी म्हटलं, "अगं, हे तुला कुठून येतं?"

"तुझ्या जुन्या व्हिडिओंमधून. सगळे झालेत माझे बघून." सुई खाली ठेवून म्हणाली, "आई, मी जाऊ? सानिका वाट बघतेय."

मी जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मुलीला शिकवायची माझी हौस नेमकी तिचं शिकून झाल्यावर उगवली होती.

आता माझ्या प्रत्येक पॅटर्नला डावऱ्यांसाठी वेगळं पान असतं. कंपनी त्याची जाहिरात करते. डावऱ्यांचा विचार करणारी डिझायनर, असं लोक कौतुकाने लिहितात. बॅलन्सचा प्रश्न अजूनही येतो. तयार उत्तर मी आता देत नाही. जमत नाही म्हणते आणि पुढचा टाका दाखवते.

आणि त्या डावऱ्या पानाच्या तळाशी एक सूचना असते. शक्य असेल तर शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या समोर बसावं. 'वेळेवर' हा शब्द मी तिथे लिहिते आणि दर वेळी खोडते, कारण तो पॅटर्नमध्ये बसत नाही.