पाच विहिरी, एकच ठिपका

नांदुऱ्यात एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. रसायनशास्त्राच्या मॅडमनी उन्हाळ्याच्या तोंडावर आसपासच्या गावांतल्या चाळीस विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि तपासलं. क्षार, जडपणा, नायट्रेट, असे एकेका विहिरीचे आठ आकडे. ते सगळे मिळून काय सांगतात, हे पाहायचं काम माझ्याकडे आलं.

मी एकच आलेख काढला. त्यात प्रत्येक विहीर म्हणजे एक ठिपका आणि मोजलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे मधून निघालेला एक बाण. ज्या बाणाच्या दिशेनं ठिपका लांब जाईल, ती गोष्ट त्या विहिरीत जास्त. क्षाराचा आणि जडपणाचा बाण जवळजवळ चिकटून निघाले. आमच्या खारपाणपट्ट्यात ते तसे निघणारच. नजर अडली ती भलतीकडेच. वडनेर भोलजीच्या पुढच्या एका गावातल्या पाच विहिरी एकाच जागी बसल्या होत्या. पाच ठिपक्यांचा एकच डाग दिसत होता, आणि तोही क्षाराच्या बाणाच्या अगदी उलट बाजूला, म्हणजे गोड पाण्यात.

आठ आकडे कागदावर दोन दिशांत दाबून बसवले की लांबच्या गोष्टीही जवळ दिसू शकतात. म्हणून मी मूळ तक्ता काढला. तिथंही पाचही ओळी जुळ्या बहिणींसारख्या होत्या.

मला पहिला संशय आला तो मॅडमचा. साडेचारची बस त्या कधी चुकवत नसत. ऊन चढलं, पाय थकले, म्हणून एकाच विहिरीवर पाच बाटल्या भरल्या असतील, असं माझं मन म्हणू लागलं. स्टाफरूममध्ये मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या गावात किती वेळ लागला हो?"

"दुपारभर," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला. त्यांनी वर पाहिलं नाही, एवढंही मला तेव्हा पुरेसं वाटलं.

रविवारी मी कोणाला न सांगता त्या गावी गेलो. पाचांपैकी पहिल्या घरच्या आजी ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी कॉलेजचा आहे म्हटल्यावर त्यांचं सूप थांबलं.

"पुन्हा काऊन आले? पाणी तं नेलं नं त्या बाईनं."

"विहीर पाहायची होती, आजी."

"विहिरीत काय पाहाता? पाणीच असते."

त्यांनी मला घरात घेतलं, चहा दिला, पण विहिरीची वाट काही दाखवली नाही. शेवटी मीच मागच्या दारानं गेलो. काठावर पांढरा थर जमला होता. दोर घेतला, बादली खाली सोडली, वर आलेलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. खारट.

आजी मागं येऊन उभ्या होत्या. "थुका ते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "नातवाची सोयरीक चालू हाय. खारं पाणी म्हटलं की पोरगी देत नाहीत लोकं. त्या बाईले आमी बसवलं, चहा पाजला, अन् बाटली पाटलाच्या मळ्यातून भरून आणली. तिथंच एक गोड पाणी हाय गावात."

"बाकीच्या चार घरांनी?"

"त्यांच्या घरात बी पोट्टे हायेत नं."

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. माझा संशयही सांगितला, तो गिळता आला असता तरी. त्यांनी तक्ता पुढे ओढून त्या पाच ओळींवरून बोट फिरवलं.

"बाटली मी माझ्या हातानं भरायला पाहिजे होती, ती चूक माझी," त्या म्हणाल्या. "पण सर, तुम्ही आधी गावात गेले. मले विचारलंच नाही."



पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. या वेळी मॅडमनी पाचही विहिरींतून स्वतः पाणी शेंदलं. चहा कुठंच घेतला नाही. नवा आलेख काढला तेव्हा तो डाग फुटला होता. चार ठिपके क्षाराच्या बाणामागे दूरवर गेले. पाचवा मधे कुठंतरी राहिला, त्याचं कारण आम्हाला अजून सापडलेलं नाही.

त्या दुसऱ्या खेपेला गावातून निघताना आजींनी मला दारात अडवलं होतं. "आमचं नाव लिवू नका."

"नाव नाही लिहीत, आजी. विहिरीला फक्त नंबर देतो."

"नंबर कोन्या घरचा, हे गावाले समजतेच," त्या म्हणाल्या, आणि मी वहीत काय लिहितो ते वाचता येत नसतानाही वाकून पाहत राहिल्या.