फ्लेक्सवरची माझी लेक

माझ्या मुलीला वाचता येत नाही, याचा दोष आमच्या वडगावात सगळ्यांनी सीमाप्रश्नावर टाकला. इथं नळाला पाणी आलं नाही तरी सीमाप्रश्नच आठवतो. ती तेव्हा पाचवीत होती. एका ओळीत वाचलेला शब्द पुढच्या ओळीत तिला अनोळखी व्हायचा. "चुकीचं आहे, परत वाच," वर्गात दिवसभर हेच. तोंडी विचारलं तर मात्र अख्खा धडा घडाघडा सांगायची, पण तोंडी कोण विचारतो?

माझा थोरला भाऊ अण्णा म्हणाला, "कन्नड डोस्क्यात कोंबल्यावर दुसरं काय हुणार? पोरीचं मराठी नासवलं ह्यांनी." अण्णा प्रत्येक मोर्चात पुढं असतो, त्याची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत. कन्नडच्या बाईंचं म्हणणं, घरात सगळे मराठी बोलतात, मग कन्नड कसं येणार? एरवी या दोघांचं आयुष्यात पटलं नसतं. पण पोरगी आळशी आहे आणि दोन फटके दिले की सुधारेल, यावर त्यांचं छान एकमत होतं.

या शहाण्यांचा मला वीट आला. मुलीला घेऊन मी मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तिला मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचायला दिलं. तिन्हींत ती सारखीच अडखळली. "हा डिस्लेक्सिया. जन्मापासूनचा आहे, बुद्धी चांगली आहे आणि भाषेचा काही संबंध नाही," असं त्यांनी सांगितलं. मी अण्णाला सांगितलं तर त्याचा चेहराच पडला. भाचीचं नुकसान कन्नडनं केलेलं नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

मग मी धडे मोठ्यानं वाचून मोबाईलवर भरून ठेवायला लागले. मागं आमच्या यंत्रमागांचा खडखडाट. मुलगी मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता तेच ऐकायची आणि पाठ करायची.

नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "आमची शंभर टक्के निकालाची परंपरा हाय. हिला दहावीला बाहेरनं बसवा की." बाहेरून म्हणजे शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे माग आणि लग्न. आमच्या गल्लीत तिसरं काही होत नाही. मी म्हटलं, "हिला परीक्षेत जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. नियम आहे. अर्जावर सही करा."

"असले लाड केले तर उद्या सगळीच मागतील."

"मागू देत. तुमच्या घरचं जातंय काय?"

सही होईपर्यंत मी रोज डबा घेऊन त्यांच्या दाराशी बसले. शेवटी सही केली. परंपरेवर उपकार केल्यासारखा चेहरा होता.

मुलगी दहावीला पहिल्या श्रेणीत पास झाली. आठवड्याच्या आत चौकात फ्लेक्स लागला. एका कोपऱ्यात तिचा फोटो, मध्ये मुख्याध्यापकांचा, तिच्या चौपट मोठा. खाली शुभेच्छुकांत अण्णाही हसत होता. मला इतका संताप आला की तिथंच फाडून टाकावा वाटलं.

मुलगी बराच वेळ अक्षरांकडं बघत उभी राहिली.

"काय लिवलंय गं, आई?"

"आमच्या शाळेचा अभिमान."

"चुकीचं आहे," ती म्हणाली. "परत वाच."