हिरोचा पोरगा डिंगोऱ्यात लिहायला बसतो

पिक्चर लिहायला वर्ष-दोन वर्षं जातात, किस्सा मात्र एका चहात तयार होतो. त्यामुळे आमच्या लाइनमध्ये माणसाच्या नावावर पिक्चर चार आणि किस्से चारशे! नचिकेतचं तसंच झालंय. आम्ही जुने लोक जेवायला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "अरे, नच्याचा तो सांग ना!" आणि मग ताटातलं गार होतं.

नचिकेत म्हणजे जयसिंगरावांचा मुलगा. एके काळी जत्रेतल्या पडद्यावर ज्यांची एंट्री झाली की टोप्या उडायच्या, ते जयसिंगराव. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. पोराने हिरो व्हावं असं सगळ्यांना वाटायचं. पोरगा झाला पटकथा लेखक! डोंगरातल्या एका कुटुंबावर पिक्चर लिहायचा म्हणून तो जुन्नरजवळ डिंगोऱ्याला माझ्या घरी आला. बोलीभाषेत मी त्याला मदत करायची असं ठरलं होतं. आठवड्यासाठी आला आणि दिवाळीपर्यंत राहिला.

*

आल्या दिवशीच जुन्नरला मिसळ खायला गेलो. नचिकेतचं नाक म्हणजे अप्पांचं झेरॉक्स. समोरच्या टेबलावरचे एक आजोबा घास हातात धरून त्याच्याकडे बघत होते. शेवटी उठून आलेच.

"पावणं, तुमी जयसिंगरावाचं कोन?"

"मुलगा."

"आरं, वाघाचा बच्चा आलाय रं!" आजोबांनी अख्ख्या हॉटेलला बातमी दिली. मालकाने न मागता तर्री वाढली.

"मग तुमी काय करता?"

"मी लिहितो."

आजोबांचा चेहरा पडला. नचिकेतच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आसू द्या, आसू द्या. तलाठ्याची नोकरी बी काय वाईट न्हाई!"

*

आमच्या आईला पिक्चरची गोष्ट ऐकायची लई हौस. नचिकेत रोज जेवताना पुढचा सीन सांगायचा. एक दिवस इंटरव्हल आला. डोंगरावरची दरड कोसळते आणि घरातली म्हैस दगावते. नचिकेतने हे अगदी रंगवून सांगितलं.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "गाभन व्हती ना ती?"

"हो काकू. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

"वाईट वाटतं तर मारली कशाला?"

त्याने इंटरव्हलचं महत्त्व समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवसापासून चहा काळा! दूध मागितलं तर म्हणायची, "म्हस मेली ना."

तीन दिवसांनी म्हैस दरडीखालून जिवंत निघाली. निर्मात्याचा मुंबईहून फोन आला, "अरे, म्हैस का वाचली?"

नचिकेत म्हणाला, "तुम्ही इकडे राहायला या, मग आपण मारू."

*

तळेघरला गेलो तेव्हा एसटी आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. मग काय, चालत! वाटेत भाताच्या खाचरांत लावणी चालली होती. एका म्हाताऱ्या बाबांनी नाक ओळखलं. काम थांबलं, बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमच्या बापानं बांधावरून उडी मारून सावकाराला धरला व्हता बगा! मारता का तशी?"

नचिकेत नको नको म्हणत होता. पण बाया हसायला लागल्या आणि गड्याला चेव चढला. मारली उडी. थेट चिखलात, तोंडावर! चष्मा कुठे, चप्पल कुठे. बाबांनी हात देऊन वर काढलं, वर-खाली बघितलं आणि मान डोलावली.

"पडलात अगदी बापावानी! पर त्यो उठून गानं म्हनायचा."

*

अप्पांचा फोन ठरलेला, संध्याकाळचा.

"काय चाललंय?"

"लिहितोय."

"अजून? आमच्या वेळी रायटर मेकअप रूमच्या बाहेर बसायचा. माझा मेकअप होईपर्यंत सीन तयार!"

"म्हणूनच ते पिक्चर तसे व्हायचे, अप्पा."

मला वाटलं, संपलं आता. आणि मग अप्पा इतके हसले की मला फोनबाहेर ऐकू आलं. पुढे वर्षभर हा किस्सा त्यांनीच सगळ्यांना सांगितला. फक्त त्यांच्या व्हर्जनमध्ये ते वाक्य त्यांचं होतं!

पण बापलेकांत एक गाठ होती. नचिकेत टायटलमध्ये नुसतं 'नचिकेत' लावायचा. पहिल्या पिक्चरच्या प्रीमियरला अप्पांनी विचारलं होतं, "आडनाव कुठे गेलं?" हा म्हणाला, "तुम्हीच वापरून संपवलंत." त्या वेळी मात्र अप्पा हसले नव्हते. त्यानंतर त्याच्या एकाही प्रीमियरला आले नाहीत. फोन मात्र रोज.

*

लोकेशन बघायला आमच्याच तालुक्यातल्या मढकडे निघालो, तेव्हा जीप हमीदभाईंची. जुन्नरचे हमीदभाई म्हणजे अप्पांचे भक्त. वाटेत नचिकेतने त्यांना गोष्ट सांगायला घेतली. शेवट जवळ आला तशी हमीदभाईंनी जीप बाजूला घेतली आणि इंजिनच बंद केलं.

"काय झालं?"

"आवाजात शेवट ऐकू येत न्हाय, राव."

शेवट झाला. हमीदभाईंनी डोळे पुसले. "एक नंबर पिक्चर! पर अप्पा कुठंयत यात?"

"ते नाहीत."

"का वो?"

नचिकेत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यांच्या तोंडी शोभेल असं वाक्य मला लिहिता येत नाही, हमीदभाई. सगळं खोटं वाटतं."

हमीदभाईंनी जीप चालू केली. "मग मुका रोल द्या की!"

ते हसले, मी हसलो. नचिकेत हसला नाही. त्याने वही काढली आणि मढ येईपर्यंत शेवटचं पान खोडत बसला.

*

आणि हा शेवटचा.

शूटिंग मढलाच. बापाच्या रोलसाठी अप्पा आले. पंच्याहत्तरी उलटलेली, पण चालणं तेच! सीन एवढाच होता. बरीच वर्षं घराबाहेर राहिलेला मुलगा एसटीतून उतरतो, बाप त्याच्या हातातली बॅग घेतो आणि दोघं चालायला लागतात.

अप्पांनी कागद उलटून पाहिला. "माझं पान राहिलंय का रे?"

"नाही अप्पा. एवढंच आहे."

"मी यात बोलत नाही?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच."

आयुष्यभर ज्या माणसाने डायलॉगवर टाळ्या घेतल्या, तो माणूस कागदाची घडी करून मेकअपला गेला. "चिडलेत," नचिकेत म्हणाला. माझ्या आईने पाठवलेला डबा त्याने उघडलासुद्धा नाही. मॉनिटरमागे नखं खात उभा.

एसटी आली. मुलाचं काम करणारा नट उतरला. अप्पा पुढे झाले, त्याच्याकडे बघितलं, बॅग घेतली. दोघं चालायला लागले आणि अप्पा मध्येच थांबले. नटाच्या खांद्यावरून त्यांनी थेट मॉनिटरमागे बघितलं.

"जेवलास का?"

"कट!" दिग्दर्शक धावत गेला. "अप्पा, झकास होतं! फक्त इथे डायलॉग नाहीये."

अप्पांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"डायलॉग कुठे म्हटला मी? पोराला विचारलं."