फायरवॉल आणि वडापाव

निघोज्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये सहा मशीन आणि एकच कॉम्प्युटर. आम्हाला काम देणाऱ्या मोठ्या कंपनीनं विचारलं, "आमच्या पार्टची ड्रॉइंग तुमच्याकडे सुरक्षित आहेत ना?" मी हो म्हणालो खरा, पण मनात शंका घुसली. मग फायरवॉल विकणारा आला. इंटरनेटवरून येणारे चोर हा डबा अडवतो, म्हणाला. किंमत ऐकून मी भडकलो. "एवढ्यात जुनं लेथ मशीन येईल राव! माझ्याकडे कोण कशाला चोरी करेल?"

"भाऊ, चोरी झालेली कळतच नाही," तो शांतपणे म्हणाला.

हे खरं की नुसतं घाबरवणं? मला काही सुधरेना. डोकं भणभणलं म्हणून त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर गेलो. वडापाव हातात आला. कागदावर तेल पसरलं होतं आणि तेलाखाली आमचाच पार्ट होता, सगळ्या मापांसकट. ड्रॉइंगांचा तो गठ्ठा मीच रद्दीत घातला होता.

माझा घास तोंडातच राहिला. विकणाऱ्यानं त्याच्या हातातल्या तसल्याच कागदाला बोटं पुसली आणि विचारलं, "मग भाऊ, डबा कधी बसवू?"